जिवंत पेशीतला एकेक एमआरएनए पाहताना

प्रथिन चमकवायचं तर त्याच्या जनुकाला जीएफपीचं (हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचं) जनुक जोडतात. पेशी दोन्ही एकाच साखळीत बनवते आणि प्रत्येक प्रथिनामागे एक दिवा मिळतो. आरएनएला (एमआरएनए हा त्यातला जनुकाचा संदेश नेणारा प्रकार) ही सोय नाही. जीएफपीसारखा स्वतःच उजळणारा आरएनए निसर्गात हाती लागलेला नाही, त्यामुळे त्याला बाहेरून काहीतरी चिकटवावं लागतं. मग चिकटलेलं चमकतं, तसं न चिकटलेलंही चमकतं. स्थिर केलेल्या, म्हणजे मेलेल्या पेशीत हा प्रश्न धुऊन सुटतो. एसएमफिश या पद्धतीत रंगीत प्रोब (आरएनएला जुळणारे छोटे डीएनए तुकडे) टाकायचे, रात्रभर चिकटू द्यायचे आणि उरलेले बफरने धुऊन काढायचे. जिवंत पेशी आतून धुता येत नाही. जे आत सोडलं ते आतच राहतं.

या क्षेत्रातल्या साऱ्या पद्धती म्हणजे ‘धुता येत नाही’ या एका अडचणीवरचे वेगवेगळे तोडगे आहेत. एमएस२ पद्धतीत एका रेणूवर इतके दिवे लावतात की मोकळ्या दिव्यांच्या उजेडातून तो उठून दिसावा. अ‍ॅप्टामरमध्ये (रंगाच्या रेणूला घडीत धरणाऱ्या आरएनएच्या तुकड्यात) रंग मोकळा असेपर्यंत अंधारातच राहतो. मॉलिक्युलर बीकनमध्ये रंगाशेजारी त्याला विझवणारा रेणू बसवलेला असतो. निष्क्रिय कॅस१३ (आरएनए ओळखणारं, पण न कापणारं क्रिस्पर प्रथिन) वापरणारे मूळ आरएनएला हात न लावता त्याच्यापर्यंत पोचू पाहतात. सस्तन पेशीत एकेका एमआरएनएचा माग काढायचा असेल तर आम्ही आजही एमएस२ पासून सुरुवात करतो, म्हणून पुढचा बराचसा भाग तिच्याबद्दलच आहे.

लूपची कॅसेट

एमएस२ हा जिवाणूंना लागण करणारा विषाणू. त्याचं कवच-प्रथिन, एमसीपी, त्याच्या आरएनएतल्या १९ न्यूक्लिओटाइडांच्या एका लूपला घट्ट धरतं आणि धरताना जोडीनं धरतं: एका लूपवर दोन एमसीपी. १९९८ साली रॉबर्ट सिंगर, रॉय लाँग आणि सहकाऱ्यांनी यीस्टमधला एएसएच१ एमआरएनए कळीच्या टोकाकडे जाताना याच जोडीच्या आधारे दाखवला. तेव्हा सहा लूप होते, आता २४ हा रूढ आकडा आहे. २४ लूप गुणिले दोन, म्हणजे सगळे भरले तर एका रेणूवर ४८ जीएफपी.

या ४८ चं वजन एकदा मांडून पाहावं. एमसीपी सुमारे १४ किलोडाल्टन आणि जीएफपी २७, मिळून ४१. त्याच्या ४८ पट म्हणजे जवळपास २ मेगाडाल्टन. दोन किलोबेसचा (दोन हजार न्यूक्लिओटाइडांचा) एमआरएनए स्वतः भरतो ०.६६ मेगाडाल्टन. आरएनएच्या तिप्पट वजनाचं ओझं त्याच्या शेपटीला बांधून आपण म्हणणार की आरएनए ‘नैसर्गिकपणे’ कसा फिरतो ते पाहतोय! म्हणून पुढे जागोजागी एसएमफिशची पडताळणी येते. तिला फाटा देऊन केलेल्या मोजणीवर आमचा विश्वास नाही.

कॅसेट, म्हणजे या लूपांची रांग, कुठे बसवायची हे प्रश्नावर ठरतं. एमआरएनएचा प्रवास पाहायचा असेल तर ती स्टॉप कोडॉननंतर, ३ प्राइम यूटीआरमध्ये (आरएनएच्या शेवटाकडच्या, प्रथिनात न उतरणाऱ्या भागात) घालायची. प्रथिनाचा संकेत असलेल्या भागात ती घालून चालत नाही, कारण पुढे सरकणारा रायबोसोम लूप उलगडतो आणि एमसीपी झाडून टाकतो. यूटीआरमध्येही पॉली-ए संकेताला किंवा ओळखीच्या मायक्रोआरएनएच्या जागेला खेटून बसवू नये. लिप्यंतरण, म्हणजे जनुकावरून आरएनए बनण्याची क्रिया, पाहायची असेल तर गणित उलटं होतं. तिथे कॅसेट ५ प्राइम, म्हणजे सुरुवातीच्या, टोकाकडे किंवा इंट्रॉनमध्ये (नंतर कापून टाकल्या जाणाऱ्या भागात) हवी. आरएनए बनवणारा पॉलिमरेझ मिनिटाला साधारण १ ते ४ किलोबेस सरकतो. कॅसेट शेवटी असली तर लांब जनुकात कितीतरी मिनिटं काहीच दिसणार नाही, आणि दिसू लागेपर्यंत आरएनए सुटूनही जाईल. २०१३ साली फळमाशीच्या भ्रूणात हंचबॅक जनुकाचं लिप्यंतरण थेट पाहिलं गेलं, त्यानंतर ही मांडणी खूप वापरात आली.

आता क्लोनिंग. कंटाळवाणं काम, पण प्रयोग बहुधा इथेच फसतो. एकसारख्या २४ तुकड्यांची रांग साध्या ई. कोलायला पेलवत नाही. पुनर्संयोजन होऊन तुकडे गळतात आणि २४ चे १६ किंवा ८ कधी झाले ते कळतही नाही. म्हणून स्टेबल३ सारखी पुनर्संयोजन कमी करणारी जात घ्यायची, ३७ ऐवजी ३० अंशांवर वाढवायची, आणि प्लेटवरच्या मोठ्या टपोऱ्या वसाहती सोडून लहान वसाहती उचलायच्या. मोठ्या वसाहतींनी बहुतेकदा ओझं टाकून दिलेलं असतं. प्रत्येक मिनीप्रेपनंतर (जिवाणूंतून प्लाझ्मिड काढल्यानंतर) कॅसेटच्या दोन्ही बाजूंच्या एन्झाइमांनी कापून जेलवर लांबी बघायची. पूर्ण कॅसेट, आवृत्तीनुसार, सव्वा ते दीड किलोबेसची असते. पट्टी खाली घसरलेली दिसली की तो प्रेप बाद. सँगर सीक्वेन्सिंग एकसारख्या तुकड्यांत भरकटतं. नॅनोपोरने अख्खं प्लाझ्मिड वाचून घेणं सोयीचं पडतं. लूप तोच ठेवून मधले दुवे आणि दांड्याचा क्रम बदललेल्या नव्या कॅसेट आता मिळतात, त्यांत हा त्रास बराच कमी आहे. नवीन काम सुरू करणाऱ्यानं जुनी कॅसेट घेऊच नये.

पेशीत ही कॅसेट नेण्यासाठी लेंटीव्हायरस सोपा वाटतो, पण टाळावा. विषाणूचा रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेझ एका तुकड्यावरून दुसऱ्यावर उडी मारतो आणि रांग पुन्हा आखूड होते. पिगीबॅक ट्रान्सपोझॉन चालतो, ठरलेल्या जागी एकच प्रत घालणारी फ्लिप-इन पद्धत चालते. सगळ्यांत चांगलं म्हणजे क्रिस्परने मूळ जनुकातच कॅसेट बसवणं. त्याला वेळ लागतो, पण प्रवर्तक (जनुक किती जोरात चालेल ते ठरवणारा भाग), इंट्रॉन आणि प्रतींची संख्या सगळं पेशीचं स्वतःचं राहतं.

एमसीपी: कमी तेच पुरेसं

एमसीपी जसंच्या तसं वापरत नाहीत. त्याचा एफजी नावाचा वळसा काढून टाकलेलं रूप घ्यायचं, नाहीतर ही प्रथिनं सवयीप्रमाणे एकमेकांना जोडून विषाणूचं कवच रचू पाहतात. जोडी जमायची वाट पाहावी लागू नये म्हणून दोन एमसीपी एकाच साखळीत शिवलेलं टीडीएमसीपी रूप उत्तम. त्याचं प्रमाण कमी असतानाही लूप नीट भरतात. एका साखळीला एकच जीएफपी जोडला तर २४ लूपवर २४ दिवे पडतात, हे मात्र हिशेबात धरायला हवं.

मग प्रश्न येतो प्रमाणाचा, आणि सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे. समजा पेशीत आपल्या एमआरएनएचे २०० रेणू आहेत. सगळे लूप भरायला २०० गुणिले ४८, म्हणजे ९,६०० एमसीपी लागतील. पेशीद्रव २ पिकोलिटर धरलं तर त्यात १ नॅनोमोलर म्हणजे सुमारे १,२०० रेणू. म्हणजे गरज फक्त ८ नॅनोमोलरची. सीएमव्हीसारख्या दांडग्या प्रवर्तकाखाली एमसीपी सहज १ मायक्रोमोलरला पोचतं, म्हणजे बारा लाख रेणू, त्यातले ९९ टक्क्यांहून जास्त मोकळे. मायक्रोस्कोप ज्या सर्वांत लहान जागेतला उजेड एक ठिपका म्हणून गोळा करतो तिचं आकारमान ढोबळमानाने ०.१ फेम्टोलिटर धरू. १ मायक्रोमोलरला त्या जागेत ६० मोकळे एमसीपी असतील आणि आपल्या ठिपक्यात आहेत ४८! ठिपका बुडालाच. तेच प्रमाण १०० नॅनोमोलरवर आणलं तर ६ विरुद्ध ४८, आणि ठिपका स्वच्छ दिसतो. कॅमेरा किंवा लेन्स बदलून जो फरक पडत नाही तो प्रवर्तक बदलून पडतो.

म्हणून एमसीपीसाठी मंद प्रवर्तक घ्यायचा. युबिक्विटिन-सीचा चालतो. एमसीपीच्या बांधणीत तुकड्यांची रांग नसल्यामुळे इथे लेंटीव्हायरस बिनधास्त वापरता येतो, फक्त पेशीमागे एकापेक्षा जास्त प्रत जाणार नाही इतका पातळ. मग फ्लो सायटोमीटरवर पेशी निवडताना सगळ्यांत उजळ नव्हे, तर जेमतेम पॉझिटिव्ह दिसणाऱ्या पेशी गोळा करायच्या. सॉर्टर चालवणाऱ्याला हे दोनदा सांगावं लागतं, कारण बाकी सगळे उजळ पेशी मागतात.

दुसरी युक्ती एनएलएसची. केंद्रकात नेणारा हा छोटा क्रम एमसीपीला जोडला की मोकळं एमसीपी केंद्रकात गोळा होतं आणि पेशीद्रव काळं पडतं. आरएनएला चिकटलेलं एमसीपी त्याच्यासोबत बाहेर येतं. पेशीद्रवातले ठिपके अशाने फार सुंदर दिसतात. किंमत दोन प्रकारची असते. केंद्रकातला उजेड वाढल्याने तिथले एकेक रेणू दिसेनासे होतात, फक्त जनुकावरचा मोठा ठिपका कसाबसा टिकतो. शिवाय ४८ एनएलएस लागलेला आरएनए केंद्रकाकडे ओढला जाण्याची शक्यता राहते. कॅसेट असलेल्या आणि नसलेल्या एमआरएनएचं केंद्रक व पेशीद्रवातलं वाटप एसएमफिशने ताडून पाहिलं की हे कळतं.

दोन आरएनए एकदम पाहायचे असतील तर दुसऱ्याला पीपी७ विषाणूचे लूप लावायचे. पीपी७ चं कवच-प्रथिन एमएस२ च्या लूपला ओळखत नाही, एमसीपी पीपी७ च्या लूपला ओळखत नाही. या गुणाचा एक चतुर उपयोग २०१५ मध्ये झाला: पीपी७ चे लूप संकेत-भागात मुद्दाम घातले आणि एमएस२ चे यूटीआरमध्ये. पहिला रायबोसोम गेला की पीपी७ चा रंग पुसला जातो आणि एमएस२ चा राहतो, त्यामुळे कोणत्या रेणूचं भाषांतर एकदाही झालेलं नाही हे रंगावरून ओळखता येतं.

मायक्रोस्कोपवर

पेशी ०.१७ मिलिमीटर जाडीच्या काचेचा तळ असलेल्या डिशमध्ये, चित्रणाच्या आदल्या दिवशी, ५० ते ६० टक्के भरतील इतक्या पेरायच्या. चित्रणाआधी माध्यम बदलून फिनॉल रेड नसलेलं घ्यायचं. माध्यमातलं रायबोफ्लेविन हिरव्या खिडकीत (फिल्टरच्या हिरव्या पट्ट्यात) चमकतं, त्यामुळे जीएफपी वापरताना तेही कमी असलेलं बरं. यंत्रावर कार्बन डायऑक्साइडची सोय नसेल तर एल-१५ माध्यम किंवा २५ मिलिमोलर हेपेस.

जीएफपीऐवजी हॅलोटॅग (स्वतः न चमकणारं, पण रंग घट्ट पकडणारं प्रथिन) वापरला तर कृत्रिम रंग जोडता येतात. ते जास्त उजळ असतात आणि उशिरा विझतात. जेएफ५४९ या रंगाचा लिगँड १०० ते २०० नॅनोमोलर, २० ते ३० मिनिटं, ३७ अंशांवर. मग ताज्या माध्यमाने तीनदा बदल आणि प्रत्येक बदलानंतर १० मिनिटं थांबणं. न जोडलेला रंग पटलातून हळूहळू बाहेर झिरपतो, घाईनं केलेले तीन बदल एकाच बदलाइतके ठरतात. हॅलोटॅग अजिबात नसलेल्या पेशीही त्याच रंगात बुडवून शेजारी ठेवायच्या. त्यांत ठिपके दिसले तर ते रंगाचे, आरएनएचे नव्हेत.

डिश यंत्रावर ठेवली की लगेच चित्रण सुरू करू नये. स्टेज, ऑब्जेक्टिव्ह आणि तेल सगळं ३७ अंशांवर येऊन स्थिरावायला अर्धा ते एक तास लागतो. तोवर फोकस सरकत राहतो. तेलबुडीच्या ऑब्जेक्टिव्हला हीटर लागतोच, कारण थंड ऑब्जेक्टिव्ह तेलातून नेमक्या आपण पाहतोय त्या पेशींची उष्णता ओढून घेतो. तेलही ३७ अंशांसाठी बनवलेलं घ्यावं. खोलीच्या तापमानाच्या तेलाचा अपवर्तनांक गरम झाल्यावर बदलतो आणि ठिपक्याभोवती वलय उमटतं.

प्रकाश कसा पाडायचा? पातळ, पसरट पेशींसाठी तिरप्या पातळ पट्ट्याचा, म्हणजे हिलो पद्धतीचा. टर्फच्या कोनाच्या किंचित अलीकडे थांबायचं: कोन वाढवत जाताना चित्र अचानक फक्त तळापुरतं उरतं, तिथून थोडं मागे. जाड नमुन्याला स्पिनिंग डिस्क. ऑब्जेक्टिव्ह १०० पट, एनए (प्रकाश गोळा करण्याच्या क्षमतेचं माप) १.४ किंवा जास्त. नमुन्यावर एक पिक्सेल ६५ ते ११० नॅनोमीटरच्या आसपास पडावा.

एक्सपोजरचा हिशेब मात्र प्रत्येकाने स्वतः करावा, कारण तो आरएनएच्या वेगावर ठरतो. पेशीद्रवातल्या एमआरएनएचा विसरण गुणांक (तो आपोआप किती वेगाने पसरतो त्याचं माप) ०.१ चौरस मायक्रोमीटर प्रतिसेकंद धरला तर ५० मिलिसेकंदांत तो सरासरी ०.१४ मायक्रोमीटर सरकतो. ठिपक्याची प्रकाशीय रुंदी ०.२ मायक्रोमीटरच्या पुढे असते, त्यामुळे तो गोल दिसतो. तेच एक्सपोजर ५०० मिलिसेकंद केलं तर सरकणं ०.४५ मायक्रोमीटर होतं. रेणूचा फराटा उमटतो, उजेड तेवढ्याच पार्श्वभूमीत पसरतो आणि ठिपका नाहीसा होतो. ‘सिग्नल कमी आहे, एक्सपोजर वाढवू’ हा स्वाभाविक विचार इथे उलटा पडतो. एक्सपोजर ३० ते ५० मिलिसेकंदांवर ठेवून लेझर वाढवावा आणि चित्रफीत छोटी करावी.

लेझरची शक्ती ऑब्जेक्टिव्हमधून बाहेर पडताना मीटरने मोजून मिलिवॅटमध्ये लिहायची. सॉफ्टवेअरमधला ‘२० टक्के’ दोन यंत्रांवर सारखा नसतो, आणि सहा महिन्यांनी त्याच यंत्रावरही नसतो. पेशीला किती प्रकाश सोसतो हे पाहायला एक सोपी चाचणी आहे: चित्रण केलेल्या पेशी त्याच डिशमध्ये २४ तास ठेवायच्या आणि शेजारच्या न पाहिलेल्या पेशींइतक्या विभागतात का ते बघायचं. प्रकाश जास्त झाला की त्याआधीच एक फसवं लक्षण दिसू शकतं. एमआरएनए गोळा होऊन स्ट्रेस ग्रॅन्यूल बनतात, आणि पडद्यावर ते एखाद्या नव्या शोधासारखे दिसतात. जी३बीपी१ हे प्रथिन दुसऱ्या रंगात ठेवलं तर हा भ्रम टिकत नाही.

ठिपका दिसला, पण कशाचा?

पहिली तुलना नेहमी कॅसेट नसलेल्या, फक्त एमसीपी असलेल्या पेशींशी. तिथेही ठिपके असतील तर एमसीपी गोळा होतंय, किंवा ते लायसोसोम आहेत. एमचेरीसारखी लाल प्रथिनं लायसोसोमच्या आम्लातही विझत नाहीत, तिथे साचून एकदम पटण्याजोगे ठिपके देतात. पेशीचे स्वतःचे चमकणारे कणही असतात. ते बहुधा हिरव्या आणि लाल दोन्ही खिडक्यांत दिसतात, म्हणून रिकामी खिडकीही एकदा उघडून पाहायची.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. पेशी एमआरएनए मोडते तेव्हा एक्सआरएन१ हा एन्झाइम ५ प्राइम टोकाकडून कुरतडत येतो. लूपवर एमसीपी घट्ट बसलेलं असलं की तो तिथे अडखळतो. मागे उरतो फक्त लूपांचा तुकडा, एमसीपीसकट चमकणारा. आपण तो पूर्ण एमआरएनए म्हणून मोजतो. यीस्टमध्ये हा त्रास मोठा आहे, सस्तन पेशींत एमसीपी फार असेल तर दिसतो. ओळखायचा मार्ग दोन रंगांचं एसएमफिश: एका रंगाचे प्रोब संकेत-भागावर, दुसऱ्याचे लूपांवर. दोन्ही रंग एकत्र असलेले ठिपके पूर्ण रेणू, फक्त लूपचा रंग असलेले तुकडे. असे तुकडे लक्षणीय असतील तर एमसीपी कमी करायचं, किंवा २०१८ साली आलेली, मुद्दाम सैल पकड असलेली एमबीएस-व्ही६ कॅसेट घ्यायची. तिच्यात एमसीपी सुटतं, एक्सआरएन१ पुढे जातो आणि मोडतोड पूर्ण होते.

त्या एसएमफिशची कृती थोडक्यात अशी. ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये १० मिनिटं. ७० टक्के इथेनॉलमध्ये ४ अंशांवर रात्रभर. १० टक्के फॉर्मामाइड आणि दुप्पट एसएससीत धुणं. त्यातच १० टक्के डेक्स्ट्रान सल्फेट घालून प्रोबसह ३७ अंशांवर १२ ते १६ तास. मग प्रोब आणि डेक्स्ट्रान नसलेल्या त्याच बफरने अर्ध्या अर्ध्या तासाची दोन धुणी. संकेत-भागासाठी २० न्यूक्लिओटाइडांचे ३० ते ४८ प्रोब लागतात. जीएफपी या सगळ्यातून बऱ्यापैकी तगून राहतो, म्हणून प्रोबचे रंग नारिंगी आणि दूरलाल घ्यायचे, हिरवा नको. दोन रंगांची चित्रं एकमेकांवर बसवायला १०० नॅनोमीटरचे बहुरंगी मणी त्याच दिवशी, त्याच फिल्टरने टिपून ठेवावेत.

याच तयारीत आणखी एक चाचणी उरकता येते. अ‍ॅक्टिनोमायसिन-डी ५ मायक्रोग्रॅम प्रतिमिलिलिटर देऊन लिप्यंतरण थांबवायचं, ठराविक अंतराने पेशी स्थिर करायच्या आणि कॅसेट असलेल्या व नसलेल्या एमआरएनएचं अर्धायुष्य ताडायचं. दोन्ही जुळले तरच पुढची जिवंत मोजणी हाती घ्यावी.

रंग अंधारात ठेवणारे अ‍ॅप्टामर

२०११ साली सॅमी जॅफ्री यांच्या प्रयोगशाळेतून स्पिनॅच आला. डीएफएचबीआय नावाचा छोटा रेणू पाण्यात जवळजवळ चमकत नाही, पण स्पिनॅच या आरएनएच्या घडीत अडकला की हिरवा उजळतो. कागदावर हे ‘धुता येत नाही’चं सर्वांत देखणं उत्तर. पेशीत स्पिनॅच ३७ अंशांवर नीट घडी घालत नसे. २०१४ चा ब्रॉकोली हे बरंच सांभाळतो, ४९ न्यूक्लिओटाइडांचा आहे आणि त्याला कमी मॅग्नेशियम पुरतं. वापरायचा तर एफ३० या आधारात बसवावा, नाहीतर शेजारचे क्रम त्याची घडी बिघडवतात. रंग डीएफएचबीआय-१टी, माध्यमात २० ते ४० मायक्रोमोलर, चित्रणाआधी अर्धा तास, आणि धुवायचा नाही.

यातली ठेच अशी की उजेड पडला की हा रंग आकार पालटून घडीतून निसटतो. सतत प्रकाश दिला तर चित्र भराभर मंदावतं, आणि काही सेकंद अंधार दिला तर माध्यमातला नवा रंग आत बसून पुन्हा उजळतं. म्हणून सलग चित्रफितीऐवजी तुटक झोत द्यावेत. हा विझण्याचा वेग आरएनएच्या ऱ्हासाचा वेग समजण्याची चूक सहज होते.

२०१९ चा ‘पेपर’ नावाचा अ‍ॅप्टामर ४३ न्यूक्लिओटाइडांचा आणि एचबीसी रंगांना काही नॅनोमोलर इतक्या घट्ट धरणारा. त्या रंगांच्या निळसर हिरव्यापासून लालपर्यंत छटा मिळतात, त्यामुळे एकच बांधणी वेगवेगळ्या फिल्टरवर चालते. मँगो हा आणखी एक अ‍ॅप्टामर टीओ१-बायोटिन या रंगाला तसाच घट्ट धरतो, आणि २४ मँगो-२ ची रांग लावून एकेक एमआरएनए दाखवलेले आहेत. पण एकच अ‍ॅप्टामर म्हणजे एकच दिवा. विपुल आरएनएसाठी, ५एस किंवा ७एसके सारख्यांसाठी, तो ठीक. पेशीत पन्नास प्रती असलेल्या एमआरएनएवर एक ब्रॉकोली लावून ठिपके शोधणं म्हणजे वेळ घालवणं.

पेशीत उजेड दिसत नसेल तर अ‍ॅप्टामर शाबूत आहे का हे आधी जेलवर पाहावं. एकूण आरएनए युरिया-पेज जेलवर चालवा, जेल पाण्यात पाच-पाच मिनिटं तीनदा धुवा म्हणजे युरिया निघून घडी परत बसेल, मग ४० मिलिमोलर हेपेस, १०० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड, १ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड आणि १० मायक्रोमोलर डीएफएचबीआय-१टी मध्ये १० ते ३० मिनिटं ठेवून निळ्या प्रकाशात टिपा. पोटॅशियम विसरलात तर काहीच दिसणार नाही, कारण ब्रॉकोलीच्या घडीच्या गाभ्यात जी-क्वाड्रुप्लेक्स (ग्वानिनांची चौपदरी रचना) असतो आणि तो पोटॅशियमवर उभा असतो. तुकडा अपेक्षेपेक्षा लहान दिसला तर आरएनए पेशीतच कापला जातोय.

मॉलिक्युलर बीकन १९९६ चे, संजय त्यागी आणि फ्रेड क्रेमर यांचे. मूळ आरएनए न बदलता पाहण्याची ती जुनी वाट. २-ओ-मिथाइल बदल केलेली साखळी वापरली नाही तर न्यूक्लिएझ ते कापतात आणि सगळीकडे खोटा उजेड पसरतो. शिवाय टोचलेले बीकन केंद्रकात जाऊन बसतात. सुईने पेशी टोचण्याचा हात असेल त्यांनीच या वाटेला जावं. निष्क्रिय कॅस१३ ची अडचण पुन्हा तीच: मोकळा कॅस१३ ही चमकतो, त्यामुळे एनईएटी१ सारखे एका जागी साचलेले आरएनए स्पष्ट दिसतात, विखुरलेले एकेकटे रेणू दिसायला एका आरएनएवर अनेक मार्गदर्शक आरएनए लागतात. या दिशेने सीएसएम संकुलाचं (क्रिस्परच्याच आणखी एका प्रकाराचं) काम आशादायक आहे.

माग काढणं

चित्रफीत फिजी या सॉफ्टवेअरमध्ये उघडून त्यातल्या ट्रॅकमेटने ठिपके शोधायचे. लॉग फिल्टरला ठिपक्याचा व्यास ०.३ ते ०.५ मायक्रोमीटर द्यायचा, आणि सीमारेषा कॅसेट नसलेल्या पेशींवर ठरवायची: तिथे जवळजवळ शून्य ठिपके येतील इतकी वर. दोन फ्रेममधले ठिपके जोडायचं कमाल अंतरही अंदाजाने ठेवू नये. विसरण गुणांक ०.३ आणि फ्रेममधलं अंतर ५० मिलिसेकंद असेल तर सरासरी झेप पाव मायक्रोमीटर, म्हणून मर्यादा ०.७५ च्या आसपास. ठिपके एकमेकांपासून सरासरी दीड मायक्रोमीटरपेक्षा जवळ असतील तर जोडणी चुकणारच. ती पेशी मागासाठी सोडून द्यायची, मोजणीसाठी वापरायची.

लिप्यंतरणाच्या जागेवरचा मोठा ठिपका एकेकट्या रेणूच्या सरासरी तेजाने भागला की तिथे किती आरएनए बनत आहेत ते कळतं. दोन्ही तेजं एकाच पेशीत, एकाच फोकसला, पार्श्वभूमी वजा करून घ्यायची. कॅसेट ५ प्राइम टोकाला असेल तर अर्धवट बनलेल्यांचेही सगळे लूप मोजले जातात. ३ प्राइमला असेल तर अर्धवट लूपही येतात आणि भागाकार खरा आकडा कमी दाखवतो.

सरासरी विसरण गुणांक काढताना एक कल हमखास शिरतो. फोकसची जाडी वरखाली ०.४ मायक्रोमीटर धरली तर ०.१ गुणांकाचा रेणू पाऊण-एक सेकंदात तिच्याबाहेर जातो, ५० मिलिसेकंदांच्या जेमतेम १६ फ्रेम. त्याच्या पाचपट वेगाचा तीन-चार फ्रेममध्येच निसटतो. ‘किमान १० फ्रेमचे माग घ्या’ अशी गाळणी लावली की वेगवान रेणू आपोआप वगळले जातात आणि उरलेली सरासरी संथ दिसते. म्हणून आम्ही लांब मागांची सरासरी घेत नाही. सगळ्या मागांच्या एकेका उडीचं वाटप मांडतो, त्यावर दोन किंवा तीन वेगांचं प्रारूप बसवतो आणि फोकसमधून निसटण्याची दुरुस्ती त्याच प्रारूपात घालतो.